टोंगळ्याले पट्टी लावता, मग काढायची कशी ते पण सांगा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागं तुमच्या पेपरच्या आरोग्याच्या पानावर गुडघ्याच्या, आमच्या बोलीत टोंगळ्याच्या, टेपिंगबद्दल म्हणजे चिकटपट्टी लावण्याबद्दल मजकूर आला होता, पट्टी लावा आणि दुखणं विसरा अशा थाटाचा. वाचायला बरा होता, पण त्यासोबतच्या फोटोतला गुडघा कोण्या जिममधल्या पोराचा, गोरा, गुळगुळीत, त्यावर निळी पट्टी एकदम झकास दिसत होती. आमच्याकडे जे गुडघे येतात ते तसे नसतात साहेब. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात मेडिकल चालवतो, औषधांची पदविका म्हणजे डी. फार्म आहे, डॉक्टर नाही आणि फिजिओथेरपिस्ट तर नाहीच, म्हणून कोणाला काय उपचार करा हे सांगायला हे पत्र लिहीत नाही. पण पट्टी लावल्यावर, आणि त्याहून जास्त म्हणजे काढल्यावर, काय होते हे दाखवायला लोक पहिले माझ्याच दुकानात येतात, कारण पट्ट्या लावतात त्या गावात भरणाऱ्या फुकट शिबिरात, आणि लावणारा शिबिर आटोपून निघून गेलेला असतो आणि दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असते. माझी बायको पण दुकानात बसते म्हणून बायाही आतल्या बाकावर बसून गुडघा दाखवतात, नाहीतर दाखवल्या नसत्या.

आणि हो, या पट्टीचे रोल माझ्याकडेपण विकायला आहेत. शिबिरात फुकट मिळते म्हणून याचं पोट दुखते असं कोणी म्हणायच्या आधीच सांगून टाकतो.

आमच्याकडे सगळ्यालाच "ते निळी पट्टी" म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होते. पट्ट्या दोन जातीच्या आहेत. एक कडक, तपकिरी नाहीतर बदामी, जी ताणली जात नाही, ती गुडघ्याची वाटी आतल्या अंगाला ओढून धरायला लावतात. ही पद्धत ऑस्ट्रेलियाच्या जेनी मॅककॉनेल या फिजिओथेरपिस्ट बाईंनी १९८० च्या दशकात आणली, आणि त्या कडक पट्टीखाली कातडी वाचवायला आधी एक पांढरी मऊ पट्टी लावायची असते, जी आमच्याकडे कोणी लावताना मी पाहिलं नाही. दुसरी ती रंगीत, सुती, ताणली जाणारी, जपानच्या केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात काढलेली, तिच्या मागं ॲक्रिलिकचा गोंद असतो आणि वरून हात घासला की उबेनं तो अजून पक्का धरतो. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ती खेळाडूंच्या अंगावर टीव्हीत दिसली आणि जगभर पोचली, आमच्या गावात कबड्डीच्या पोट्ट्यांनी आणली. रंगाचा गुणाशी काही संबंध नाही, निळी थंड आणि लाल गरम असं काही नसते, तरी लोक रंग पाहूनच घेतात, एक म्हातारबा मला म्हणाले, "काळी नको देऊ बाप्पा, लग्नाले जायचं हाय."

फायदा होतच नाही असं माझं म्हणणं नाही. आमच्या इथले एक रिटायर गुरुजी, दोन्ही गुडघ्यांची झीज, एसटीची पायरी चढायची म्हटलं की मागून कोणीतरी लोटावं लागत होतं, त्यांनी नागपूरला मुलाकडे असताना शिकलेल्या माणसाकडून टेपिंग करून घेतलं आणि सोबत व्यायामही केला, आज ते दांडा धरून स्वतः चढतात. पट्टी आता लावत नाहीत. शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना मशीन चालवताना वाटीच्या पुढच्या बाजूनं कळ निघायची, त्यांनाही आराम पडला. म्हणजे उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

माझी भाची फिजिओथेरपी शिकते. तिनं मला एक अभ्यास समजावून सांगितला, २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला, ऑस्ट्रेलियातला, झीज झालेल्या ८७ लोकांवर केलेला. तीन गट केले, एकाला नीट पद्धतशीर टेपिंग, दुसऱ्याला नुसतीच दिखाव्याची पट्टी, तिसऱ्याला काहीच नाही. तीन आठवड्यांनी विचारलं तर पहिल्या गटातल्या ७३ टक्के लोकांनी बरं वाटते म्हणून सांगितलं, तिसऱ्यातल्या १० टक्क्यांनी, आणि दिखाव्याची पट्टी लावलेल्यांपैकी ४९ टक्क्यांनी. म्हणजे काही न ओढता, काही न ताणता नुसती चिकटवली तरी निम्म्या लोकांना बरं वाटलं. मला यात दोन्ही गोष्टी दिसतात, नीट लावली तर खरंच जास्त गुण येते, आणि कशीही लावली तरी "वाटलं बाप्पा बरं" म्हणणारे निम्मे लोक मिळतातच, आणि शिबिरवाल्यांचं सगळं दुकान याच निम्म्यावर चालते. शिवाय तो अभ्यास कडक पट्टीचा होता आणि लावणारे शिकलेले फिजिओ होते. रंगीत पट्टीची तुलना न ताणता लावलेल्या पट्टीशी केली की फरक फार थोडा निघते. इंग्लंडच्या नाइस या सरकारी संस्थेनं तर २०२२ च्या झिजेवरच्या मार्गदर्शनात लिहून टाकलं की टेप, ब्रेस, पट्टे हे सरसकट देऊ नका, सांधा डळमळत असेल वगैरे खास कारण असेल आणि त्याशिवाय व्यायाम जमतच नसेल तरच पाहा, मुख्य उपचार व्यायाम आणि वजन कमी करणं.

आता कातडीचं सांगतो, कारण पेपरात त्यावर एक ओळही नव्हती.

वेचणीच्या दिवसात एक बाई दुकानात आल्या, वय साठीच्या घरातलं, दिवसभर ओटी बांधून कापूस वेचायचा, संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घेऊन धुऱ्याधुऱ्यानं घरी. दोन्ही गुडघ्यांना वाटीच्या दोन बाजूंनी वर गेलेल्या वाय आकाराच्या पट्ट्या होत्या. कडा उलटून आलेल्या, त्या उलटलेल्या गोंदाला कापसाचे तंतू आणि वावरातली माती चिकटून काळी किनार झालेली. शिबिरात लावून किती दिवस झाले ते त्यांना नक्की सांगता येत नव्हतं. एका बाजूनं त्यांनी घरी ओढून पाहिली होती, तर पट्टीसोबत कातडीचं पापुद्रं निघून आलं होतं आणि तिथं त्यांनी हळद भरली होती. माझ्या बायकोनं पट्टीवर आणि कडेनं खोबरेल तेल जिरवलं, दहा-पंधरा मिनिटं बाईंना चहा पाजला, मग एका हातानं कातडी दाबत दुसऱ्या हातानं पट्टी केसांच्या दिशेनं गुंडाळत गुंडाळत काढली, वर न उचलता, कातडीला समांतर. मधली जागा ठीक होती, नुसती पांढरट, भिजून सुरकुतलेली. पण पट्टीच्या दोन्ही टोकांना पाण्याच्या फोडांची रांग होती, आणि फोड बरोबर टोकाच्या रेघेवर, इकडे नाही की तिकडे नाही. बाई म्हणाल्या, "तीन दिवस तं लय हलकं वाटलं, मंग खाजवाले लागलं, पण त्यायनं सांगतलं होतं का आपोआप निघते, म्हून राहू देली."

टोकालाच फोड काहून? कारण टोकं ताणायची नसतात. पट्टीचा मधला भाग हवा तेवढा ताणावा, पण दोन्हीकडची दीड-दोन इंच टोकं बिनताणाची, नुसती ठेवून द्यायची, हा टेपिंगचा पहिला धडा आहे असं भाची म्हणते. शिबिरात लाइन लांब, पट्टी लावणारे कंपनीचे पोरं, त्यांना वाटते जितकी घट्ट तितका गुण, आणि लोकांनाही घट्ट बांधल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही. मग ताणलेली पट्टी परत आखडायला पाहते आणि टोकाची कातडी सोबत ओढत राहते, दिवसभर, उठता बसता. फोड येणार नाही तर काय होणार.

खाजेचेही प्रकार आहेत. नुसती घामानं, गोंदानं चुरचुरली तर खूण पट्टीच्या आकाराइतकीच राहते आणि काढल्यावर एक-दोन दिवसात बसते. पण खाज पट्टीच्या बाहेर पसरली, बारीक पुरळ आली, लावल्यावर दोन दिवसांनी सुरू झाली आणि काढल्यावरही वाढत गेली, तर ती ॲलर्जी समजावी आणि ती पट्टी पुन्हा अंगाला लावू नये, कारण पुढच्या वेळी ती लवकर येते आणि जास्त येते. ज्यांना आधी कधी साध्या दवाखान्यातल्या चिकटपट्टीनं पुरळ आली होती त्यांनी लावायच्या आधीच सांगावं, त्या जुन्या पट्ट्यांच्या गोंदात राळ असायची आणि ती पुष्कळ लोकांना सोसत नाही. मी रोल विकताना आता एकच सांगतो, आधी दोन बोटांएवढा तुकडा मांडीला एक दिवस चिकटवा, काढल्यावर अजून दोन दिवस पाहा, मग बाकीची लावा. निम्मे लोक ऐकतात.

अजून एक, जे इंग्रजी कागदावर कधीच नसते. त्या कागदावर लिहिलेलं असते की लालसर झालं तर काढा. आमच्या उन्हात रापलेल्या कातडीवर लाल दिसतच नाही साहेब. तिथं कातडी नुसती काळपट, चमकदार आणि जराशी सुजट दिसते, हात लावला तर गरम लागते. लोक लाल व्हायची वाट पाहत बसतात. आणि बरं झाल्यावरही पट्टीच्या आकाराचा काळा डाग महिनोन् महिने राहते. एका पोरीचं लग्न ठरलेलं होतं, गुडघा कोण पाहणार आहे तिचा, पण तिची आई त्या डागासाठी गोरेपणाची क्रीम मागायला आली होती, मी दिली नाही, त्यातल्या कित्येक क्रीमात स्टेरॉइड असते आणि फोडाच्या जागी ते चोपडलं तर आगीतून फुफाट्यात.

पुढचा घोळ म्हणजे आपले घरगुती जोडधंदे. पट्टीच्या खाली बाम लावणं. किंवा दुखण्याची जेल, डायक्लोफिनॅकची, ती चोपडून वर पट्टी. एक तर तेलकट कातडीवर पट्टी धरत नाही, म्हणून मग वरून कापड गच्च बांधतात, आणि खाली बाम कोंडला की इतकी आग होते की माणूस रात्रभर झोपत नाही. कोंडलेलं औषध कातडीत जास्त जिरते, हे कोणत्याही मलमाला लागू आहे. त्याच्यावर कडी म्हणजे पट्टीवरून गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, काही जण तर तापलेली वीट फडक्यात गुंडाळून. गोंद उबेनं अजून पक्का धरते हे वर सांगितलंच, खाली कातडी भाजते ते वेगळं. माणसं गडी असले की पट्टी लावायच्या आधी कोरड्या ब्लेडनं केस काढतात आणि लगेच चिकटवतात, मग केसाच्या मुळाशी पिवळी टोकं असलेल्या पुटकुळ्या. केस कात्रीनं कापा, आणि आदल्या दिवशी कापा, एवढंच करायचं असते.

डब्यावर लिहिलेलं असते तीन ते पाच दिवस ठेवा. हे ज्यानं लिहिलं त्यानं आमचा मे महिना पाहिला नसावा. इथं पारा पंचेचाळीसवर जाते, पट्टीखाली घाम धरून राहते, दुसऱ्या दिवशी वास येते. जून-जुलैत तर निंदणाच्या बाया चिखलात उकिडव्या बसतात, पट्टी ओली ती ओलीच, आणि ओल्या पट्टीखाली आठवड्याभरात नायटा नाही झाला तरच नवल. माझ्या पाहण्यात उन्हाळ्या-पावसाळ्यात दीड-दोन दिवसांच्या वर ठेवणारा माणूस बहुतेक करून माझ्याकडे मलम मागायलाच येते.

इथवरचं सगळं कातडीचं, ते त्रासाचं आहे पण जीवघेणं नाही. खरी भीती वाटते ती ज्यांना पट्टी लावायलाच नको होती त्यांची. शुगरवाले, ज्यांच्या पायाला चटका लागलेला कळत नाही, त्यांना खाली फोड आलेला कळतच नाही, पट्टी काढल्यावर जखम दिसते आणि मग ती जखम भरता भरत नाही. वर्षानुवर्षं सांधेदुखीच्या पुड्या खाणारे म्हातारे, त्या बाजारातल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं कितीतरी वेळा उघड झालं आहे, अशा माणसाची कातडी कांद्याच्या सालासारखी झालेली असते, पट्टी ओढली की सालच हातात. आणि एकदा शिबिरातून एक गृहस्थ आले, गुडघ्यापासून पोटरीपर्यंत छान दोन रंगी पट्टी, म्हणे पोटरी दुखते सुजते म्हणून लावली. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, दाबली की कळ. आधी प्लॅस्टर घालून ते बरेच दिवस पडून होते हे पण त्यांनीच सांगितलं. मी डॉक्टर नाही पण एवढं शिकवलेलं असते की असा पाय म्हणजे शिरेत रक्ताची गाठ असू शकते, तिथं पट्टी नाही, मालिश तर मुळीच नाही, कारण गाठ सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जाते. त्यांना त्याच संध्याकाळी गाडी करून जिल्ह्याला पाठवलं, तपासणीत गाठच निघाली. तसंच गुडघा लाल गरम आणि अंगात ताप, किंवा दोन्ही पाय सुजून दम लागणं, हे पट्टीचं काम नाहीच. शिबिरात तीन प्रश्न विचारले असते, शुगर आहे का, सूज एका पायाला की दोन्हीला, अंगात ताप आहे का, तर दोन मिनिटं लागली असती. पण पाटीवर "एका दिवसात इतके लाभार्थी" लिहायचं असते.

बरं, पट्टी लावून व्हायचं काय आहे ते तरी कोणी सांगते का? झिजलेलं त्यानं भरून येत नाही. ती दुखणं जरा दाबते, तेवढ्या वेळात मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम करून घ्यायचा, म्हणजे पुढं तो स्नायूच गुडघ्याला सांभाळून घेते. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबून पाच आकडे मोजायचे आणि सोडायचं. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, धरायचा, खाली आणायचा. महिना-दीड महिना रोज केलं तर फरक पडते. वजनाचंही तसंच, एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा चार किलोचा भार कमी होते, असं एका अमेरिकन अभ्यासात मोजलेलं आहे. पण रोजंदारीच्या बाईला उकिडवं बसू नका सांगून काय फायदा, तिला निंदण कोण उभ्यानं करू देणार आहे, लांब दांड्याचं खुरपं मिळते पण शेतमालक म्हणते त्यानं काम पुरत नाही. हा वेगळाच विषय आहे, त्यावर कधीतरी तुमच्या पेपरनं लिहावं.

माझं मागणं फार नाही. शिबिर घ्या, पट्टी लावा, पण सोबत एक चिठ्ठी द्या, मराठीत, मोठ्या अक्षरात, की कोणत्या तारखेला लावली, कोणत्या तारखेला काढायची, तेल लावून कशी काढायची, काय झालं तर लगेच काढायची आणि कोणाला फोन करायचा. लावणारा माणूस राज्याच्या फिजिओथेरपी कौन्सिलकडे नोंदणी असलेला आहे की कंपनीचा विक्रीवाला, हे लोकांनी बिनधास्त विचारावं, त्यात लाजायचं काही नाही. आणि सरकारला विचारायचं ते असं की ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून सुरू आहे, त्यात ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर आठवड्यातून दोनदा म्हाताऱ्या माणसांची ओपीडी आणि फिजिओथेरपीची सोय धरलेली आहे, ती किती तालुक्यात खरोखर चालू आहे? तुमचे बातमीदार प्रत्येक तालुक्यात आहेत, एक चक्कर मारून खोलीला कुलूप आहे की आत माणूस आहे एवढं पाहून छापलं तरी खूप झालं.

पत्र लांबलं, कापायचं असेल तर ऑलिम्पिक आणि लग्नाचं कापा, तेलानं काढायचं आणि पोटरीचं मात्र राहू द्या. माझं नाव आणि गाव छापू नका, शिबिर घेणारे रोजच्या उठण्याबसण्यातले आहेत आणि पुढचं शिबिर याच महिन्यात आहे.

आपला,
एक मेडिकलवाला, जि. यवतमाळ